नंतरच्या सुखाची बाग

जपानमधील ओकायामा शहरातून आसाही नदी वाहते. तिच्या पात्रातील एका बेटवजा जमिनीवर, सरदाराच्या काळ्या किल्ल्यासमोर, 'कोराकुएन' नावाची बाग आहे. आरंभी तिला नुसतेच 'गोकोएन', म्हणजे किल्ल्यामागची बाग म्हणत. १८७१ साली तिचे नाव बदलले. 'कोराकु' या शब्दामागे अकराव्या शतकातील चिनी मुत्सद्दी फान चोंगयान याचा एक विचार आहे. राज्यकर्त्याने काळजी सर्वांच्या आधी वाहावी आणि सुख सर्वांच्या नंतर घ्यावे, असा तो विचार. तेव्हा कोराकुएन म्हणजे नंतर सुख घेण्याची बाग. तोक्योतील कोइशिकावा येथेही याच नावाची एक बाग आहे. तिचे नाव तर याहून जुने आहे.

बागेला असे नाव देणे आपल्याला थोडे चमत्कारिक वाटते. आपल्याकडे बागांना राजांची, देवांची, फुलांची नावे असतात. अलीकडे पुढाऱ्यांची असतात. कर्तव्याचा क्रम सांगणारे नाव आपण बागेला देत नाही. मात्र या नावाच्या आधाराने बागांचा आणि पाण्याचा इतिहास वाचू लागले की तो क्रमच महत्त्वाचा ठरतो. बाग चांगली की वाईट, हा प्रश्न मग मागे पडतो. ती कशाच्या आधी झाली आणि कशाच्या नंतर, हा प्रश्न पुढे येतो. आम्ही यवतमाळचे. पाण्याच्या बाबतीत आधी आणि नंतर या दोन शब्दांचे वजन आमच्या गावाला चांगलेच ठाऊक आहे. म्हणून हा लेख.

कोराकुएनची एक धाकटी बहीण महाराष्ट्रात आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर, सुमारे दहा एकरांवर वसलेले 'पुणे-ओकायामा मैत्री उद्यान' २००६ साली खुले झाले. पुणेकर त्याला पु. ल. देशपांडे उद्यान म्हणूनच ओळखतात. पुलंच्या 'पूर्वरंग' या प्रवासवर्णनात जपानला मोठी जागा आहे, त्यामुळे नाव शोभूनही दिसते. पुण्यात शिकायला किंवा नोकरीला गेलेली मुले हे आता यवतमाळ जिल्ह्यातील घराघरांतले वास्तव आहे. मुलांकडे गेलेल्या वडीलधाऱ्यांना सकाळी फिरायला कोठे न्यायचे, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ही बागच असते. आम्हीही तेथे अशाच निमित्ताने अनेकदा गेलो आहोत.

पायवाटेने सांगितलेली गोष्ट

जपानी बागा अनेक प्रकारच्या आहेत. कोराकुएन आणि तिच्या नमुन्यावरची पुण्याची बाग या 'हिंडायच्या बागा' आहेत. जपानीत या प्रकाराला 'काइयू' पद्धतीची बाग म्हणतात. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, निरनिराळ्या प्रांतांच्या सरदारांनी अशा बागा रचल्या. त्यांचे वैशिष्ट्य हे की ती एका जागी बसून पाहता येत नाही. मध्ये तळे असते आणि त्याच्या कडेने वळणे घेत पायवाट जाते. एका वळणावर झाडीआड गेलेले पाणी पुढच्या वळणावर पुन्हा दिसते, पण निराळ्याच रूपात. लपवणे आणि दाखवणे या युक्तीला 'मिएगाकुरे' असे नाव आहे. चालणाऱ्याची गतीही बागच ठरवते. पायाखालचे दगड विषम अंतरावर असले की माणूस खाली पाहून सावकाश चालतो. दगड संपून सपाट जागा आली की मान आपोआप वर होते, आणि दाखवायचे दृश्य नेमके तेथेच मांडलेले असते.

दुसरी युक्ती 'शक्केई', म्हणजे उसने घेतलेले दृश्य. कुंपणाबाहेरचा डोंगर, देवळाचा कळस किंवा किल्ल्याचे छप्पर बागेच्या चित्रात असे बसवायचे की पाहणाऱ्याला तेही बागेचेच वाटावे. कोराकुएनने समोरचा किल्ला आणि पूर्वेची मिसाओयामा ही टेकडी अशीच उसनी घेतली आहे.

मोगल बागेशी तुलना केली म्हणजे हा स्वभाव अधिक स्पष्ट होतो. मोगलांची चारबाग इराणच्या कोरड्या प्रदेशातून आली. चार सरळ पाट, चार चौकोन, भोवती उंच भिंत आणि भिंतीबाहेर रखरखाट. तेथे पाणी दुर्मीळ, म्हणून ते सरळ रेषेत, मोजून, मिरवत आणायचे. हिंदुस्थानात वाहत्या पाण्याच्या बागा नाहीत, ही तक्रार बाबराने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. जपानी बागेत पाणी मुबलक आहे असे गृहीत धरलेले असते. त्यामुळे ते सहज, वाकडेतिकडे, कोणी न आणल्यासारखे वाहते. गंमत अशी की पुण्याच्या याच बागेला लागून पुढे मोगल शैलीची बागही करण्यात आली. पाण्याविषयीच्या दोन परस्परविरुद्ध कल्पना तेथे शेजारी शेजारी नांदत आहेत, आणि पाणी मात्र एकाच शहराचे आहे.

बाग बांधणारा पाटबंधारेवाला

कोराकुएनचे काम १६८७ साली सुरू झाले आणि १७०० साली पुरे झाले. ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा याने ती करवून घेतली, हे पर्यटकांना सांगितले जाते. ती प्रत्यक्षात उभारणाऱ्या माणसाविषयी मात्र कमी बोलले जाते. त्याचे नाव त्सुदा नागातादा, जन्म १६४०, मृत्यू १७०७. तो इकेदा घराण्याच्या पदरचा अधिकारी होता. त्याच्या कामांची यादी पाहिली तर तिच्यात बाग जवळजवळ शेवटी येते.

१६५४ साली आसाही नदीला महापूर आला आणि ओकायामा शहर बुडाले. कुमाझावा बान्झान या विद्वानाने त्यावर तोड सुचवली. शहराच्या वरच्या अंगाला नदीला एक मोकळी वाट ठेवावी, म्हणजे पुराचे जादा पाणी शहराला वळसा घालून समुद्राकडे जाईल. ही कल्पना प्रत्यक्षात उतरवली नागातादाने. 'ह्याक्केनगावा' नावाचा तो पूरकालवा आजही आहे. १६७० साली त्याने शिझुतानी येथे शाळा उभारायला घेतली. तिच्यात सरदारांच्या मुलांबरोबर सामान्यांच्या मुलांनाही प्रवेश होता. १६७९ साली त्याने कुरायासु कालवा खणला. सुमारे वीस किलोमीटर लांबीचा हा कालवा योशिई आणि आसाही या दोन नद्यांना जोडतो. तो शेतांना पाणी देई, आणि दोन नद्यांच्या पाण्याची पातळी वेगळी असल्यामुळे नावा चढवण्या-उतरवण्यासाठी त्यावर दुहेरी दारांची सोयही होती. १६९२ साली समुद्र हटवून ओकिता येथे नवी शेतजमीन काढण्यात आली. बागेचे काम या सगळ्याच्या शेवटच्या टप्प्यात चालले होते.

हा क्रम आधी कागदावर आखून ठेवलेला होता, असा आमचा दावा नाही. सरदाराला चैनीची हौस असणारच. त्याची बाग खासगी होती आणि सामान्य लोकांना ठरावीक दिवशीच आत जाता येई. सरदाराच्या रयतेवर कराचा बोजाही होता. तरीसुद्धा एक गोष्ट उरतेच. बागेचे तळे ज्या हातांनी खणवले, त्याच हातांनी आधी शहराचा पूर वळवला होता आणि शेतांना पाणी दिले होते. नदीच्या वरच्या अंगाने पाणी वळवून बागेत आणण्याचे शास्त्र त्या हातांना कालवे खणूनच अवगत झाले होते. बागेत एक 'र्युतेन' नावाचा मंडप आहे. त्याच्या तळमजल्यातून पाण्याचा ओहोळ वाहतो आणि त्यात रंगीत दगड ठेवले आहेत. मंडपात बसून वाहते पाणी पाहावे, एवढाच त्याचा उपयोग. या निवांतपणाच्या पाठीशी पूर, बांध आणि खारी जमीन यांच्याशी पन्नास वर्षे झगडल्याचा इतिहास आहे.

बागेतच भातखाचरे आणि चहाचे मळे आहेत, हाही तिचा विशेष. भाताचा एक तुकडा प्राचीन चीनच्या जमीन-वाटपाची आठवण म्हणून राखला आहे. तेथे आजही जूनमध्ये समारंभाने रोपे लावतात. चैनीच्या जागेत चिखल ठेवण्याचा हा रिवाज आम्हाला फार आवडला.

१८८४ साली बाग ओकायामा प्रांताच्या ताब्यात आली आणि सर्वांना खुली झाली. १९३४ च्या पुराने तिची मोडतोड केली. २९ जून १९४५ च्या पहाटे अमेरिकेच्या विमानांनी ओकायामावर आगीचा वर्षाव केला, त्यात तिच्या बहुतेक इमारती जळाल्या. एदो काळात काढून ठेवलेली चित्रे हाताशी होती. त्यांच्या आधाराने ती पुन्हा पूर्वीसारखी करण्यात आली. युद्धानंतर बागेतले करकोचे नाहीसे झाले होते. १९५६ साली चिनी लेखक क्वो मोरुओ यांनी दोन करकोचे भेट पाठवले. ते तरुणपणी ओकायामाला शिकले होते. जपान आणि चीन यांच्यातील त्या काळचे संबंध लक्षात घेतले तर ही भेट लहान म्हणता येणार नाही.

मुठेच्या काठी

आता पुण्याकडे येऊ. येथे तळे आहे, त्यात मासे आहेत, झरा आहे, लाकडी पूल आहेत, हिरवळीच्या उतारांवर नेमके बसवलेले दगड आहेत. बाग सकाळी आणि संध्याकाळी उघडते, दुपारी बंद असते. तिकीट अगदी किरकोळ. पाणी मात्र तेथे उगवलेले नाही. ते शेजारच्या कालव्याचे आहे.

हा कालवा म्हणजे खडकवासला धरणाचा उजवा कालवा. १८६९ साली धरणाचे काम सुरू झाले. ज्यांच्या नावाने त्या जलाशयाला 'लेक फाईफ' म्हणत, ते फाईफ हे इंग्रज लष्करी अभियंते. पुण्याच्या पूर्वेकडचा दुष्काळी मुलूख भिजवावा आणि पुण्याला व छावणीला पाणी द्यावे, असा दुहेरी हेतू होता. कालवा हवेली, दौंड, इंदापूरकडे जातो. पुणे वाढले तसे कालव्याच्या पाण्यावर शहराचा वाटा वाढत गेला आणि खालच्या शेतकऱ्यांची कुरकुरही वाढत गेली. ती आजतागायत चालू आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. सिंहगड रस्त्याच्या परिसरातून आज चालताना ही आठवण कोठे दिसत नाही, एवढेच.

बागांच्या बाबतीत पुण्याचा इतिहास तसा जुना आहे. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून दगडी नळातून गावात पाणी आणले आणि हौद भरले. पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याच्या पाण्यावर तळे केले. त्या तळ्यात बेट राखले आणि त्यावर बाग फुलवली, तीच सारसबाग. १७८४ साली सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत तेथे गणपतीची स्थापना झाली. लोक त्याला 'तळ्यातला गणपती' म्हणत. पुढे तळे गेले आणि बाग राहिली. तळ्यातला गणपती आज तळ्याशिवाय आहे.

जुन्या सारसबागेपासून पु. ल. देशपांडे उद्यान फार दूर नाही. दोघांच्या मध्ये पर्वतीची टेकडी आहे. जपानी उद्यानाच्या शास्त्राप्रमाणे ही टेकडी म्हणजे पुण्याच्या बागेला मिळालेले उसने दृश्य. मात्र उसने घेताना निवड करता येत नाही. कालव्यापलीकडे पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. पुण्यातील मोठ्या झोपडवस्त्यांपैकी ती एक. यात दुष्काळी भागांतून कामाच्या शोधात शहरात आलेल्या माणसांची घरे पुष्कळ असतात. बाग रचणाऱ्याने झाडी कितीही दाट लावली तरी ती घरे पुण्याच्या चित्रातून निघत नाहीत. आमच्या मते ती झाकली जाऊ नयेतच. कोराकुएनच्या मागे सरदाराचा किल्ला आहे आणि पुण्याच्या बागेमागे मजुरांची वस्ती. बाग कोणत्या समाजात उभी आहे हे सांगण्याचे काम दोन्ही दृश्ये सारख्याच प्रामाणिकपणे करतात.

एका वर्षातले तीन पाण

२०१८ हे वर्ष या विषयासाठी अभ्यासण्यासारखे आहे.

त्या उन्हाळ्यात यवतमाळ शहर कोरडे पडले. आमच्या शहराला निळोणा आणि चापडोह या दोन धरणांतून पाणी मिळते. २०१७ च्या पावसाने दगा दिला आणि उन्हाळा लागता लागता दोन्ही धरणांनी तळ गाठला. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येई. गल्लीगल्लीत ड्रमांच्या रांगा लागल्या. टँकरचा आवाज आला की हातातले काम टाकून माणसे धावत. बेंबळा प्रकल्पाचे पाणी नळवाहिनीने शहरात आणण्याची धडपड त्याच सुमारास चालली होती.

जुलैमध्ये पश्चिम जपानात अतिवृष्टी झाली. ओकायामा प्रांतातील कुराशिकी शहराच्या माबी भागात बांध फुटले, घरे छपरापर्यंत बुडाली आणि पन्नासांहून अधिक माणसे दगावली. मृतांत वृद्धांची संख्या मोठी होती. ओकायामा शहराबाहेरून मात्र नागातादाचा तो तीनशे वर्षांचा पूरकालवा पाणी वाहून नेत होता.

२७ सप्टेंबरला पुण्यात मुठा उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ खचली. दांडेकर पुलाच्या परिसरातील वस्तीत पाणी शिरले, संसार वाहून गेले. ऊन पडले असताना, पाऊस नसताना पूर आला. ज्या कालव्याच्या पाण्यावर जपानी बाग हिरवी राहते, त्याच कालव्याने शेजारची घरे बुडवली.

या तिन्ही घटना एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, हे उघड आहे. त्या शेजारी ठेवल्या की एक गोष्ट मात्र लक्षात येते. पाण्याची काळजी एकदा वाहून संपत नाही. ओकायामाने तीन शतकांपूर्वी ती वाहिली, तरी माबीत ती अपुरी पडली. पुण्याने दीडशे वर्षांपूर्वी कालवा बांधला, पण त्याची भिंत जपणे राहून गेले. काळजी जेथे थांबली, तेथे नंतरच्या सुखाचा अर्थही संपला.

पाऊस असून कोरडे

पुण्याची बाग पाहून आमच्या भागातला माणूस सहज म्हणतो की त्यांच्याकडे पाऊस आहे, आपल्याकडे नाही. हे खरे नाही. पुणे शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. यवतमाळ जिल्ह्यात तो सुमारे नऊशे मिलिमीटर आहे. ओकायामा तर जपानमधील कमी पावसाचा, 'उघडीपीचा प्रांत' म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील शहराची सरासरी अकराशेच्या आसपास. म्हणजे आकड्यांत पाहिले तर आम्ही पुण्याच्या पुढे आहोत आणि ओकायामाच्या फार मागे नाही.

मग यवतमाळ कोरडे का? एक कारण भूगोलाचे. शहर पठारावर, पाणलोटाच्या माथ्याजवळ वसले आहे. उत्तरेचे पाणी बेंबळेवाटे वर्धेकडे जाते, दक्षिणेचे पैनगंगेकडे. पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून निघून जातो. खालचा काळा कातळ फारसे पाणी धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि साठवलेले पाणी डोळ्यांदेखत उडते. पुण्यालाही शहरावर पडलेला पाऊस पुरत नाही. ते सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस धरणांत अडवून वापरते. पुण्याजवळ आहे तो पाऊस अडवण्याचा दीडशे वर्षांचा खटाटोप, आणि त्यामागची राजकीय ताकद.

येथे आणखी एका जुळणाऱ्या सालाचा उल्लेख केला पाहिजे. मैत्री उद्यान खुले झाले ते साल २००६. त्याच साली जुलैच्या आरंभी पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर यवतमाळसह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यातील मोठा भाग रखडलेल्या सिंचन प्रकल्पांसाठी होता. एकाच राज्यात, एकाच वर्षी, एका टोकाला पाण्याचे सुख आणि दुसऱ्या टोकाला पाण्याची काळजी अशी विभागणी झाली. बागेवर झालेला खर्च यवतमाळच्या धरणावर व्हायला हवा होता, असला बालिश हिशेब आम्ही मांडत नाही. बाग पुणे महापालिकेने आपल्या नागरिकांसाठी केली, आणि ती चांगली केली. आमचे म्हणणे एवढेच की महाराष्ट्र हे एक घर मानले, तर या घरात कोराकुएनच्या नावातला क्रम उलटा लागला आहे.

कापसाचा धागा

यवतमाळ आणि ओकायामा यांचे नाते काही केवळ आमच्या कल्पनेतले नाही. दोन्ही मुलूख कापसाचे. ओकायामातील कोजिमा भागात समुद्र हटवून काढलेली जमीन खारी होती. तेथे भात येईना, म्हणून लोकांनी कापूस लावला. नागातादासारख्यांनी काढलेल्या जमिनींतूनच पुढे त्या भागात सूत आणि कापड यांचे उद्योग वाढले. १८८८ साली कुराशिकी येथे सूतगिरणी उभी राहिली. माबी ज्या कुराशिकीत आहे, तेच हे शहर.

जपानच्या गिरण्यांना देशी कापूस पुरेना, तेव्हा त्यांनी हिंदुस्थानकडे पाहिले. १८९३ साली टाटा आणि जपानची निप्पॉन युसेन कैशा यांनी मिळून मुंबई-कोबे आगबोट सुरू केली, ती मुख्यतः कापूस नेण्यासाठी. वऱ्हाडचा आखूड धाग्याचा कापूस बाजारात 'ऊमरा' या नावाने, म्हणजे अमरावतीच्या नावाने ओळखला जाई. ओसाका भोवतालच्या गिरण्यांत त्याला मोठी मागणी होती. यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची शकुंतला रेल्वे विसाव्या शतकाच्या आरंभी घातली गेली, ती माणसांच्या सोयीपेक्षा कापसाच्या गाठींसाठी. आज ती धावत नाही, पण तिची आठवण आमच्याकडे घरोघरी आहे.

१९३३ साली हिंदुस्थान सरकारने जपानी कापडावर जबर जकात बसवली. जपानी गिरण्यांनी उलट हिंदी कापसावर बहिष्कार टाकला. १९३४ च्या आरंभी तडजोड झाली आणि जपानने किती कापूस घ्यावा त्यावर त्याने येथे किती कापड विकावे, हे ठरले. या सौद्यात वऱ्हाडच्या कास्तकाराला कोणी विचारले नाही. कोराकुएनच्या सावलीत वाढलेल्या उद्योगाच्या जगात आमचाही शेतकरी सामील होता. तो काळजीच्या बाजूला होता, सुखाच्या नव्हे.

वाळवंटातले तळे

कोराकुएनच्या नमुन्यावर बाग करणारे पुणे हे पहिले शहर नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराने १९६५ साली तशी बाग केली. २०१७ च्या फेब्रुवारीत शेजारच्या ओढ्याला पूर आला आणि ती पाण्याखाली गेली. खऱ्या वाळवंटातली बाग पाहायची तर ॲरिझोनातील फीनिक्स शहराकडे पाहावे. २००२ साली तेथे साडेतीन एकरांची जपानी हिंडायची बाग खुली झाली. तिचे नाव 'रो हो एन'. रो म्हणजे बगळा, हो म्हणजे फीनिक्स पक्षी आणि एन म्हणजे बाग. फीनिक्सचे मैत्र-शहर हिमेजी, तेथील पांढऱ्या किल्ल्याला बगळ्याचा किल्ला म्हणतात, म्हणून हे नाव. फीनिक्सला वर्षाला दोनशे मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही. तरी तेथे तळे आहे, धबधबा आहे, रंगीत मासे आहेत.

हा उधळेपणा म्हणायचा का? फीनिक्सच्या नावातच याचे उत्तर आहे. होहोकाम नावाच्या आदिवासी समाजाने त्या वाळवंटात शेकडो वर्षे मैलोगणती कालवे खणून शेती केली होती. पुढे ते लोक तेथून गेले. एकोणिसाव्या शतकातील वसाहतवाल्यांनी त्यांच्याच जुन्या कालव्यांच्या खुणांवर नवे कालवे काढले, आणि राखेतून उठलेल्या पक्ष्याचे नाव गावाला दिले. वाळवंटातले तळेही कोणाच्या तरी आधीच्या श्रमावर उभे असते. ते श्रम कोणाचे, हे विसरले की मात्र ते तळे मृगजळ होते.

जपानी परंपरेत पाण्याविना बागही आहे. अकराव्या शतकातील 'साकुतेइकी' या उद्यानशास्त्रावरील ग्रंथात कोरड्या मांडणीचा उल्लेख आहे. पुढे झेन मठांत वाळू आणि दगड यांच्या बागा झाल्या. क्योतोच्या र्योआनजी मठातली बाग त्यात सर्वांत प्रसिद्ध आहे. तेव्हा यवतमाळला जपानी बाग करायचीच तर ती कोरडी असावी, असे कोणी सुचवेल. आम्हाला ते पटत नाही. ज्यांच्या घरात पाणी आहे, त्यांना वाळूत पाणी पाहण्याचा आनंद आहे. ज्यांनी उन्हाळाभर रिकामा ड्रम पाहिला आहे, त्यांना त्यात ध्यानाची प्रेरणा मिळणे कठीण.

आमच्या जिल्ह्यात आम्हाला त्या हिंडायच्या बागेच्या सर्वांत जवळची जागा कळंबला दिसते. तेथील चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून कुंडाशी जावे लागते. काही वर्षांच्या अंतराने कुंडातले पाणी वर चढते आणि मूर्तीच्या पायांना लागते. 'गंगा आली' म्हणून बातमी पसरते आणि गावोगावचे लोक ते पाहायला लोटतात. तेथे हिरवळ नाही, रंगीत मासे नाहीत. पण पायऱ्या, वळण, लपलेले आणि मग दिसणारे पाणी हे सर्व आहे. मुख्य म्हणजे ते पाणी पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यावर नंतर येणाऱ्या सुखाचा अर्थ लिहिलेला असतो. भूजलाच्या भाषेत सांगायचे तर पाऊस चांगला झाला, जमिनीत मुरला, झरे भरले, म्हणजे पाणी वर आले. श्रद्धेच्या भाषेतही यापेक्षा फार वेगळे सांगितलेले नाही.

यवतमाळात मोठी बाग व्हावी, अशी आमची मनापासून इच्छा आहे. आमच्या मुलांनी पुण्याला जाऊनच वळणाची पायवाट आणि तळ्यातले मासे का पाहावेत? मात्र त्या बागेचे काम एखाद्या नागातादाच्या हाती असावे. त्याने आधी नाल्यांवर बंधारे घालावेत, गावतळ्यांतला गाळ काढावा, टाक्यांपर्यंत आलेले पाणी शेवटच्या गल्लीपर्यंत न्यावे. मग उरलेल्या पाण्यातून एक लहानसे तळे करावे आणि त्याच्या कडेने पायवाट काढावी. बागेच्या एका कोपऱ्यात, ओकायामात भातखाचर आहे तसा, कापसाचा एक वाफा राखावा. उसने दृश्य म्हणून भोवतालची कोरडी टेकडी तशीच दिसू द्यावी. म्हणजे तळ्याचे पाणी कोठून आले, हे तेथे हिंडणाऱ्याला वेगळे सांगावे लागणार नाही.